इंजिन बदललं, गिअरबॉक्स बदलला, तरी लांब चढावर तापतंच: जुन्या पी३० मोटरहोमची तपासणी

तक्रार थोड्याफार फरकाने एकच असते. १९८० च्या दशकातली, जनरल मोटर्सच्या पी३० चेसिसवरची मोटरहोम. जुनं ४५४ क्यूबिक इंचाचं इंजिन काढून शेवी पिकअपचं ६.० लिटरचं एलक्यू४ बसवलेलं, टर्बो ४०० या तीन गिअरच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या जागी चार गिअरचा ४एल८०ई आलेला. सपाट हायवेवर गाडी शांत आणि हलकी चालते, घरातले खूश. मग पहिला लांब चढ येतो आणि ट्रान्समिशन ऑइलचा काटा २५० फॅरनहाइटच्या, म्हणजे १२१ सेल्सियसच्या पुढे सरकतो. बाजूला घेऊन अर्धा तास थांबलं की सगळं ठीक. पुढच्या चढाला पुन्हा तेच.

यावर लोक रेडिएटर बदलतात, थर्मोस्टॅट बदलतात, कुलर मोठा करतात. काही जण नुकताच बसवलेला गिअरबॉक्स पुन्हा उतरवून उघडायला देतात. हजारो डॉलर जातात आणि पुढच्या उन्हाळ्यात लास व्हेगसच्या वाटेवर कॅलिफोर्नियातल्या बेकर गावापुढचा चढ लागला की काटा परत तिथेच. बेकर समुद्रसपाटीपासून ९३० फुटांवर आहे आणि पुढे सुमारे १७ मैलांत रस्ता ४,००० फुटांपर्यंत चढतो. गावातला उंच थर्मामीटर १३४ फुटांचा आहे, कारण जवळच्या डेथ व्हॅलीत १९१३ च्या जुलैमध्ये १३४ फॅरनहाइट नोंदलं गेलं होतं. अशा हवेत, असा चढ. तिथे आई-वडिलांना घेऊन झायन नॅशनल पार्क बघायला निघालेलं कुटुंब रस्त्याच्या कडेला उभं राहावं, हे मला बघवत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

माझं म्हणणं एकच आहे. इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सकडे नेणारा भाग म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर, आणि त्याच्या आतला, दोन्ही थेट जोडणारा क्लच म्हणजे लॉक-अप. ही उष्णता बहुतेक वेळा लॉक-अप लागत नसल्यामुळे येते, आणि लॉक-अप न लागण्याचं कारण बहुतेक वेळा गिअरबॉक्सच्या बाहेर असतं. त्यामुळे पाना हातात घेण्याआधी मल्टीमीटर आणि स्कॅनर हातात घ्या.

आधी तापत नव्हतं, मग आता का?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि तो रास्त आहे. टर्बो ४०० ला तर लॉक-अप नव्हतंच. तरी ती गाडी वीस-तीस वर्षं डोंगर चढत होती.

हिशेब करून बघू. मागच्या डिफरन्शियलचं गुणोत्तर ४.५६ आणि टायर २२५/७०आर१९.५ धरले, तर टायर मैलाला साधारण ६४८ फेरे घेतो. टर्बो ४०० चा तिसरा गिअर म्हणजे सरळ एकास एक. ताशी ६० मैलांना इंजिन मिनिटाला जवळजवळ २,९५० फेरे घेतं. डॉगहाउसच्या, म्हणजे दोन सीटांमधल्या त्या इंजिनाच्या झाकणाच्या, शेजारी बसून आवाज सहन करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. ४एल८०ई चे पहिले तीन गिअर टर्बो ४०० सारखेच आहेत, २.४८, १.४८ आणि १.००. वर चौथा ०.७५ चा ओव्हरड्राइव्ह. त्यात त्याच वेगाला इंजिन २,२०० वर येतं. जनरल मोटर्सने १९९१ पासून हाच गिअरबॉक्स या चेसिसवर द्यायला सुरुवात केली, तेव्हा निवड चुकीची मुळीच नाही.

पण कन्व्हर्टरचा एक स्वभाव आहे. तेलातून किती टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, पुढे जाऊ शकतो, हे इंजिनाच्या फेऱ्यांच्या वर्गावर ठरतं. फेरे पाऊणपट झाले की ही क्षमता निम्म्याच्या थोडी वर उरते. आणि ओव्हरड्राइव्हमध्ये चाकाला तेवढाच जोर द्यायचा तर कन्व्हर्टरमधून टॉर्क मात्र सव्वापटीपेक्षा जास्त जावा लागतो. म्हणजे क्षमता घटली आणि मागणी वाढली. लॉक-अप लागलेलं असेल तर याने काहीच बिघडत नाही, कारण तेव्हा तेलाचा संबंधच राहत नाही, क्लचच इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडतो. लॉक-अप नसेल तर सगळा फरक तेलात घसरतो आणि घसरण म्हणजे उष्णता. टर्बो ४०० वरच्या फेऱ्यांवर चालायचा, पंखा आणि पाण्याचा पंपही जोरात फिरायचा, म्हणून त्याचं निभावलं.

ही उष्णता किती, तेही बघा. गाडी १४,००० पौंडांची, म्हणजे ६,३५० किलोची. साडेतीन टक्के चढ, वेग ताशी ५० मैल. चढ, टायर आणि हवा यांना मिळून साधारण ९० किलोवॉट लागतात, म्हणजे १२० हॉर्सपॉवर. कन्व्हर्टरमध्ये दहा टक्के घसरण झाली तर ९ किलोवॉट तेलात उतरले. न्हाणीघरातले दोन किलोवॉटचे चार गीझर एकदम सुरू केले तरी एवढी उष्णता होत नाही, आणि इथे ती वीस मिनिटं अखंड चालू असते. बाजारातला कुठलाही ‘मोठा कुलर’ यावर कायमचा उपाय नाही. उष्णता जिथे तयार होते तिथेच ती थांबवायला हवी.

लॉक-अप लागतं का? पाच मिनिटांत कळतं

तेल पूर्ण तापलेलं हवं. सपाट, मोकळ्या रस्त्यावर ताशी ५५ मैलांच्या आसपास वेग स्थिर ठेवा. उजवा पाय ॲक्सिलरेटरवर जसाच्या तसा राहू द्या आणि डाव्या पायाने ब्रेक पेडल फक्त टेकवा, दिवा लागेल एवढंच, ब्रेक लागू देऊ नका. लॉक-अप लागलेलं असेल तर ते त्या क्षणी सुटतं आणि टॅकोमीटरचा काटा दोनशे ते चारशे फेऱ्यांनी वर उडी मारतो. पाय काढला की एक-दोन सेकंदांत परत खाली येतो. काटा हललाच नाही, तर लॉक-अप मुळात लागलेलंच नव्हतं.

जनरल मोटर्सची स्वतःची मूल्यं वाचणारा स्कॅनर मिळाला तर आणखी चांगलं. त्यात कन्व्हर्टर स्लिपचा आकडा दिसतो. लॉक असताना तो शून्याच्या आसपास घुटमळतो. तो दोनशे-तीनशेवर अडकून राहिला असेल तर तुमचा चोर सापडला.

‘पण इंजिनचा दिवा लागला नाही, कोडही नाही,’ असं म्हणून ही चाचणी टाळू नका. इंजिन बदलताना ज्याने काँप्युटरचं ट्यूनिंग केलं त्याने नको असलेले बरेच कोड बंद करून ठेवलेले असतात. पी०७१९ (ब्रेक स्विचचा) किंवा पी०७४१ (लॉक-अप न लागण्याचा) कोड दिसला तर उत्तम, दिसला नाही म्हणून गाडी निर्दोष ठरत नाही.

पहिला संशयित: ब्रेकचा स्विच

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सर्वांत जास्त गाड्या इथेच अडकतात आणि दुरुस्ती सर्वांत स्वस्त इथेच आहे.

ब्रेक दाबला की लॉक-अप सुटायला हवं, नाहीतर थांबताना इंजिन गुदमरून बंद पडेल. म्हणून काँप्युटरला ब्रेक पेडलची बातमी देणारी एक स्वतंत्र वायर असते. पिकअपच्या या काँप्युटरला पेडल *मोकळं* असताना १२ व्होल्ट हवे असतात. पेडल दाबलं की ते शून्य व्हायला हवेत. जुन्या पी३० च्या ब्रेक लाइटच्या स्विचचं बरोबर उलट आहे: पेडल मोकळं असताना शून्य, दाबलं की १२ व्होल्ट. वायरिंगचा जुडगा (हार्नेस) जोडणारा घाईत ब्रेक लाइटच्या वायरवरूनच फाटा घेतो. मग गाडी चालत असताना काँप्युटरला सतत वाटतं की चालकाने ब्रेकवर पाय ठेवला आहे, आणि तो लॉक-अपची आज्ञा देतच नाही. कधीकधी ही वायर जोडलेलीच नसते. परिणाम तोच.

आमच्या १९८८ च्या तीस फुटी गाडीत हेच निघालं. काम करून देणाऱ्या गॅरेजने कन्व्हर्टर खराब असल्याचं सांगून नव्याची किंमतही काढली होती. डॅशखाली आडवं होऊन, मल्टीमीटरचं काळं टोक चेसिसला आणि लाल टोक काँप्युटरकडे जाणाऱ्या वायरीला लावलं. पेडल मोकळं, मीटरवर ०.०. बायकोने पेडल दाबलं, १२.४. उलटी जोडणी डोळ्यांसमोर होती. पेडल मोकळं असताना जोडलेला राहणारा चार टोकांचा स्विच बसवला, एक जोडी ब्रेक लाइटला आणि दुसरी काँप्युटरला. त्यानंतर बेकरच्या चढावर तेल २१० फॅरनहाइटच्या वर गेलेलं नाही.

या दोषाचा एक फसवा प्रकारही आहे, तो कधी येतो कधी जातो. जुन्या पी३० मध्ये पेडलच्या धुरीची बुशिंग झिजलेली असतात. खडबडीत रस्त्यावर पेडल केसभर खाली लोंबतं आणि स्विच सुटतो. घराजवळच्या गुळगुळीत रस्त्यावर लॉक-अप लागतं, मेकॅनिकसमोर लागतं, डोंगरात लागत नाही. चाचणी सोपी आहे. लॉक-अप नसताना चालत्या गाडीत पायाच्या बोटाने पेडल हलकं वर उचला. फेरे खाली आले तर बुशिंग बदला, स्विच पेडलच्या जवळ सरकवा.

काँप्युटरला गाडी पिकअपच वाटत असेल

एलक्यू४ चा काँप्युटर बहुधा पिकअपमधून जसाच्या तसा येतो. त्याच्या स्मरणात डिफरन्शियल ३.७३ आणि टायर २४५/७५आर१६ असतात. तुमच्या गाडीत ४.५६ आणि १९.५ इंची टायर. हे आकडे बदलले नाहीत तर खरा वेग ताशी ४५ मैल असताना काँप्युटरला तो ५२ च्या आसपास वाटतो. गिअर पडणं, लॉक-अप लागणं-सुटणं, हे सगळं वेगाच्या तक्त्यावर चालतं. त्यामुळे ओव्हरड्राइव्ह लवकर पडतो, इंजिनाला झेपत नाही, गिअर खाली येतो, थोडा वेग धरला की पुन्हा वर. तीन-चार-तीन-चार असा खेळ चालू राहतो आणि प्रत्येक बदलाला लॉक-अप सुटतं. डॅशवरचा जुना स्पीडोमीटर वेगळा जुळवून घेतलेला असेल तर त्यावर बरोबर वेग दिसतो, आणि काँप्युटर चुकतो आहे याचा पत्ता लागत नाही. स्कॅनरवरचा वेग आणि फोनच्या जीपीएसवरचा वेग शेजारी ठेवून बघा. फरक असेल तर ट्यूनिंगवाल्याकडून डिफरन्शियल आणि टायरचे आकडे दुरुस्त करून घ्या, आणि त्याच बैठकीत तिसऱ्या गिअरमध्येही लॉक-अप लागेल असा तक्ता भरून घ्या. चढावर खरं काम तिसराच गिअर करतो.

याला जोडूनच गिअरच्या दांडीचा विषय. टर्बो ४०० च्या दांडीला पुढचे तीन खाचे, ४एल८०ई ला चार. जुनी दांडी आणि जुनी पट्टी तशीच ठेवली असेल तर ‘डी’ वर दांडी असताना गाडी प्रत्यक्षात ओव्हरड्राइव्हमध्ये असते, आणि तिसऱ्यात अडवून धरायला दांडी कुठे घ्यायची हे पट्टीवरच्या खुणांवरून कळत नाही. स्टिअरिंग कॉलममधली खाचांची पट्टी बदलून मिळते, लिंकेजही नीट बसवता येतं. हे काम राहिलं असेल तर बाकी काही करण्याआधी करून घ्या.

इंजिनाचा स्वभाव बदलला आहे

हे ऐकायला आवडत नाही, पण सांगायला हवं. फ्युएल इंजेक्शनचं ४५४ साधारण २३० हॉर्सपॉवर देतं आणि त्याचा पूर्ण टॉर्क १,६०० फेऱ्यांनाच हाती येतो. एलक्यू४ चे ३०० हॉर्सपॉवर ४,४०० फेऱ्यांना आणि पूर्ण टॉर्क ४,००० ला. हॉर्सपॉवर वाढले हे खरं, पण ते वरच्या फेऱ्यांवर राहतात. ४५४ ची सवय असलेला चालक २,२०० वर ओव्हरड्राइव्हमध्ये पाय खाली दाबत राहतो. थ्रॉटल बराच उघडला की काँप्युटर जोर मिळावा म्हणून लॉक-अप सोडून देतो, आणि आपण परत गीझरपाशी येतो. चढ सुरू व्हायच्या आधीच दांडी तिसऱ्यात घ्या, गरज पडली तर दुसऱ्यात. दुसऱ्यात ताशी ४५ ला इंजिन ३,३०० च्या आसपास फिरतं. आवाज मोठा येईल, येऊ द्या. हे इंजिन त्या फेऱ्यांसाठीच बनलेलं आहे, पंप आणि पंखाही तेव्हाच पुरेसे फिरतात.

ज्यांनी अजून काहीच बदललेलं नाही आणि ४५४ धडधाकट आहे, त्यांना माझा सल्ला इंजिन तसंच ठेवून फक्त ४एल८०ई घालण्याचा असतो. कार्बुरेटरचं इंजिन असेल तर गिअरबॉक्ससाठी स्वतंत्र कंट्रोलर आणि थ्रॉटलचा सेन्सर लागतो, ते मिळतात. खर्च निम्म्यावर येतो आणि डोंगरातला खालचा जोर शाबूत राहतो.

लॉक-अप ठीक आहे, तरी तापतं

मग तेलाची वाट तपासा. कुलरकडून परत येणारा पाइप गिअरबॉक्सपाशी सोडवा, डब्यात धरा आणि इंजिन अर्धा मिनिट चालवा. सुमारे दोन लिटर तेल यायला हवं. अर्ध्या मिनिटाहून जास्त चालवू नका, पंप कोरडा पडेल. तेल कमी आलं तर पाइप कुठेतरी पिळलेला आहे किंवा जुन्या कुलरमध्ये आधीच्या गिअरबॉक्सचा कचरा अडकला आहे. नवा गिअरबॉक्स जुन्या कुलरला जोडणं ही वाईट काटकसर आहे. १९९७ पासूनच्या ४एल८०ई मध्ये तेल परत येण्याचं तोंड आधीच्यापेक्षा मागे सरकलं आहे, तेव्हा जुन्या चित्रावरून पाइप जोडलेले असतील तर तेही बघा.

डिपस्टिक जुन्याच गिअरबॉक्सची लावली असेल तर तिच्यावरची खूण खोटी असते. तेल जास्त भरलं की फिरत्या भागांत घुसळून फेस होतो, तापतं, गिअरबॉक्सच्या हवा सोडणाऱ्या नळीतून बाहेर पडतं आणि मालकाला वाटतं गळती आहे. रिकाम्या ४एल८०ई मध्ये एकूण साधारण १२.८ लिटर तेल मावतं. तळ उघडून तेल बदललं तर ७.३ लिटर.

गेजचा सेन्सर कुठे बसवला आहे हेही विचारून घ्या. तळातलं तेल १७५ ते २०० फॅरनहाइटमध्ये असायला हवं, लांब चढावर २२० चालतं. कन्व्हर्टरमधून बाहेर पडणाऱ्या पाइपात सेन्सर असेल तर तो याहून खूप जास्त दाखवतो, आणि गाडीला काही झालेलं नसताना झोप उडते.

पंख्याबद्दल माझं मत ठाम आहे. एवढ्या वजनाच्या गाडीला इलेक्ट्रिक पंखे पुरत नाहीत. पट्ट्यावर चालणारा, क्लच असलेला मोठा पंखाच ठेवा. एलक्यू४ हे ४५४ पेक्षा आखूड असल्याने पंखा श्राउडपासून, म्हणजे रेडिएटरमागच्या पंख्याभोवतीच्या कवचापासून, लांब राहतो आणि तीच हवा गोल फिरत बसते. पात्याची निम्मी रुंदी श्राउडच्या आत, निम्मी बाहेर, असं अंतर जुळवून घ्या. समोरचा एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये वर्षानुवर्षांची माती, किडे, गवताचं बी दाबून बसलेलं असतं. टॉर्च लावून वरून बघा, आणि पाणी मारताना इंजिनाच्या बाजूने पुढे मारा.

गिअरबॉक्स उतरवावाच लागला तर

१९९९ आणि २००० च्या ६.० इंजिनांच्या क्रँकचं मागचं तोंड नंतरच्या इंजिनांपेक्षा साधारण १० मिलिमीटर लांब आहे. त्यामुळे फ्लेक्सप्लेट (क्रँक आणि कन्व्हर्टर जोडणारी तबकडी) आणि स्पेसर इंजिनाच्या वर्षानुसार निवडावे लागतात. कन्व्हर्टर पंपात पूर्ण बसवल्यावर फ्लेक्सप्लेटपर्यंत ३ ते ५ मिलिमीटर मोकळी जागा राहायला हवी. याहून कमी असेल तर तो पंपावर दाबला जातो, जास्त असेल तर पंपातून अर्धवट बाहेर ओढला जातो. दोन्हीकडून पंप जातो. ४एल८०ई लांबही आहे, त्यामुळे गिअरबॉक्स ज्यावर टेकतो तो चेसिसचा आडवा दांडा (क्रॉसमेंबर) सरकवून ड्राइव्हशाफ्ट कापून तोलून घ्यावा लागतो. ज्या पी३० ला पार्किंग ब्रेकचा ड्रम गिअरबॉक्सच्या मागे ड्राइव्हशाफ्टवर आहे, तिथे पिकअपचा ४एल८०ई चालत नाही, ड्रम बसवायची सोय असलेलाच शोधावा लागतो. इथे तडजोड करू नका. उतारावर उभी राहणारी सहा टनांची गाडी आहे, आत लेकरं झोपलेली असतात.

कॅलिफोर्नियात १९७६ आणि नंतरच्या पेट्रोल गाडीचं इंजिन बदललं तर स्मॉग रेफ्रीकडून, म्हणजे राज्याच्या प्रदूषण तपासनिसाकडून, तपासून घ्यावं लागतं. इंजिन गाडीच्या वर्षाचं किंवा त्याहून नवं हवं आणि त्याची प्रदूषण नियंत्रणाची सगळी उपकरणं जागेवर हवीत. इंजिन विकत घ्यायच्या आधीच ही यादी हातात ठेवा.

चढावर काटा २५० ला पोहोचलाच तर बाजूला घ्या, पण इंजिन बंद करू नका. न्यूट्रलमध्ये हँडब्रेक लावून, चाकांना ठोकळे लावून, १,२०० फेऱ्यांवर चालू ठेवा. तेल कुलरमधून फिरत राहतं आणि दहा-पंधरा मिनिटांत खाली येतं. त्या प्रवासानंतर डिपस्टिक पांढऱ्या कागदावर टेकवून बघा. तेल तांबडं असेल तर ठीक. तपकिरी आणि करपट वासाचं झालं असेल तर पुढच्या डोंगराआधी तेल आणि फिल्टर बदला, आणि तळाच्या चुंबकाला चिकटलेला चुरा बोटांत चोळून बघा. मऊ राखाडी लेप नेहमीचाच असतो. टोचणारे कण लागले तर मात्र आता गिअरबॉक्स उघडायची वेळ झाली आहे.